शेवटचं पाणी: एका मामा तलावाचं प्रकरण

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या एका गावाचं हे प्रकरण आहे. गावाचं, तलावाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायदे, कलमं आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत. मी त्या काळात ग्रामसभेच्या कागदपत्रांचं काम बघत होते. त्यामुळे हे लांबून पाहिलेलं नाही. ज्या चुका झाल्या त्यातल्या दोन माझ्या आहेत, त्याही पुढे येतील.

पार्श्वभूमी

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्व भागात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात कोणी धरू शकत नसे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला, ही गोष्ट या पट्ट्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पुढे मालगुजार, म्हणजे गावचा सारा गोळा करणारे जमीनदार, आले. तलाव त्यांच्या नावावर गेले, पण पाणी गावच्या रिवाजानं वाटलं जायचं.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ ला तो मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, संहिता बदलल्या, पण तलावाचा रिवाज कुठल्या कागदावर आहे हे कोणी गावाला विचारलं नाही आणि गावानंही कोणाला सांगितलं नाही. आमच्यासारखे लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे गेले.

आमच्या तलावाखाली साधारण ११० एकर धान आहे. पाळ म्हणजे तलावाची भिंत, बांधी म्हणजे धानाचं खाचर. पाळीजवळच्या बांध्यांना पाणी आधी मिळतं, शेवटच्या बांध्यांना उशिरा. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे. गावात गोंड, कोहळी, ढिवर, महार आणि तेल्यांची काही घरं.

तलाव मात्र स्वतःच्या पाणलोटावर भरत नाही. तो भरतो पाटावर. वर जंगलात नाल्याला आडवा दगडी बांध आहे आणि तिथून कमरेइतका खोल, दोन्ही अंगांना दगड रचलेला पाट जवळपास पाऊण किलोमीटर चालत तलावात येतो. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा दगडांच्या सांध्यांत चुना नाही, माती नाही, नुसती रचाई होती. एक दगड हलवून बघितला, हलला नाही. दरवर्षी मृगाच्या आधी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन पाटावर जायचा आणि दोन दिवसांत पाट साफ व्हायचा. ज्या घरचा माणूस आला नाही, त्या घराची पाण्याची पाळी त्या वर्षी शेवटी. हा सगळा कायदा होता, फक्त लिहिलेला नव्हता.

दुसरा अलिखित कायदा गेटजवळच्या दगडाचा. शेंदूर लावलेला तो दगड पाण्याबाहेर पूर्ण दिसू लागला की गेट बंद. त्याखालचं पाणी गुरांचं. उन्हाळ्यात गुरं तिथेच पाणी प्यायची, आणि गुरं घरी गेली की चितळं, अस्वलं, कधी बिबट. गावानं त्यांच्यासाठी म्हणून काही ठेवलेलं नव्हतं, पण ठेवलं तर होतंच.

अडचण कशी उभी राहिली

दहा-बारा वर्षांपूर्वी वरचं जंगल अभयारण्यात गेलं. त्यातला राखीव वनाचा भाग थेट अधिसूचनेनं गेला. उरलेला झुडपी जंगलाचा आणि महसुली जमिनीचा तुकडा मात्र चौकशी करून घ्यायचा होता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये यासाठी पद्धत आहे. कलम १८ खाली इरादा जाहीर होतो, कलम २१ खाली जिल्हाधिकारी गावोगाव स्थानिक भाषेत उद्घोषणा लावतात आणि ज्याचा ज्या जमिनीवर हक्क असेल त्यानं दोन महिन्यांत लेखी दावा करायचा असतो. पाटाचं तोंड आणि नाल्यावरचा दगडी बांध नेमका याच तुकड्यात.

उद्घोषणा लागली होती. ग्रामपंचायतीच्या फलकावर, पोषण आहाराच्या यादीशेजारी. सात-आठ जणांनी आपापल्या जमिनीचे दावे टाकले. चराईचा एक दावा गेला. पाटाचा दावा कोणीच केला नाही, कारण पाटावर कोणा एकाचा हक्क आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. तो सगळ्यांचा होता, म्हणून कोणाच्याच अर्जात आला नाही.

पहिली काही वर्षं चालून गेलं. बीटचा वनरक्षक ओळखीचा होता, पाटसफाई व्हायची. तो बदलून गेला. नव्यानं पहिल्याच जूनमध्ये फावडी थांबवली. त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. कलम २९ म्हणतं की अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं किंवा वाढवणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येणार नाही, आणि तो परवानाही वन्यजीवांच्या हितासाठी आवश्यक असेल तरच. गावातला एक म्हातारा त्याला म्हणाला, "साहेब, माह्या आज्यानं थो पाट खोदला. आमी नाला वळवून नाही रायलो, वळलेला नाला साफ करून रायलो." वाद तिथेच अडला. पुढे वकिलांनी पानंच्या पानं लिहिली, पण मुद्दा म्हाताऱ्याच्या त्या एका वाक्यापलीकडे फारसा गेला नाही.

तीन पावसाळे पाट साफ झाला नाही. पाला, गाळ, पडलेली झाडं. चौथ्या वर्षी पावसानं मध्येच मोठी उघडीप दिली आणि तलाव अर्ध्यावर राहिला. ऑक्टोबर उजाडला. हलका धान कापणीला आला होता. भारी धान निसवून दाणे भरायच्या बेतात होता. हे शेवटचं पाणी. ते मिळालं नाही तर लोंबी उभी राहते, पण हातात घेऊन चोळली की नुसता कोंडा.

त्याच आठवड्यात वन अधिकाऱ्यांचं पत्र लघुसिंचनाच्या उपविभागाला गेलं. तलावाच्या बुडिताचा वरचा भाग अभयारण्यात येतो, उन्हाळ्यात प्राण्यांना पाणी लागेल, तरी पाणी सोडू नये. ढिवरांच्या संस्थेनंही अर्ज दिला, की बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडून दोनच महिने झालेत, पाणी उतरलं तर ठेक्याचे पैसेही निघणार नाहीत. उपविभागानं ना होकार दिला ना नकार. गेटची चावी ज्याच्याकडे होती तो कर्मचारी फोन उचलेनासा झाला.

कायदा कुठे उभा होता

हा भाग जरा सावकाश सांगते. प्रकरणाची खरी गाठ इथेच आहे.

आपल्या घटनेत पाणी हा राज्य सूचीतला विषय आहे, नोंद १७. पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, साठवण, सगळं त्यात. मासेमारीही राज्याकडे, नोंद २१. वन्य प्राण्यांचं संरक्षणही मुळात राज्याकडेच होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत गेलं, नोंद १७-बी. म्हणजे तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तर पायाखालचं पाणी राज्याच्या कायद्याचं, समोर त्या पाण्यावर आलेलं चितळ केंद्राच्या कायद्याचं. दोन कायदे एकमेकांना भिडले तर समवर्ती विषयावरचा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो आणि राज्याचा सिंचन कायदा बाजूला उभा राहतो. राज्याच्या हातात उरतं ते नियम करणं, हक्कांची नोंद करणं आणि आपल्या दोन विभागांना एका टेबलाशी बसवणं. आमच्याकडे यातलं एकही वेळेवर झालं नाही.

राज्याचे पाण्याचे कायदे कमी नाहीत. १९७६ चा सिंचन कायदा आहे. २००५ साली दोन कायदे आले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा. पण ते वाचताना डोळ्यांपुढे धरण, कालवा, वितरिका येते. पाण्याची सुरुवात धरणाच्या भिंतीपासून होते असं त्यात गृहीत आहे. मामा तलावाची सुरुवात भिंतीच्या वर, जंगलात होते. पाट हा तलावाचाच अवयव आहे, हे या कायद्यांत मला कुठे सापडलं नाही. माझी पहिली चूक इथली. तीन आठवडे मी पाणीवापर संस्थेच्या नोंदणीमागे घालवले, कारण शेतकऱ्यांना हक्क देणारा कायदा तोच असं मला वाटत होतं. त्यानं गेटच्या खालचं पाणी कदाचित मिळालं असतं. गेटच्या वर त्याचा हात पोचतच नव्हता.

विदर्भापुरती मात्र एक वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ खाली निस्तारपत्रक, म्हणजे गावच्या मोकळ्या जमिनीवरच्या चराई-सरपणासारख्या वापराची नोंद, आणि कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज. सिंचनाचा, वाटेचा, मासेमारीचा गावचा रिवाज काय, याची नोंद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. जुन्या मध्य प्रांताकडून आलेला हा वारसा. आमच्या गावाचा तो असेल का, हा प्रश्न एका निवृत्त तलाठ्यानं विचारला. मला सुचला नव्हता.

वन्यजीव कायद्यातही एक फट होती, आणि ती नवी होती. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिनं कलम २९ च्या स्पष्टीकरणात भर घातली: कलम २४(२)(सी) खाली चालू ठेवू दिलेले हक्क, आणि स्थानिक लोकांचा पिण्याच्या व घरगुती पाण्याचा खराखुरा वापर, हे या कलमाखाली निषिद्ध धरले जाणार नाहीत. आमचं प्रकरण या दुरुस्तीनंतरचं. पण धान हे पिण्याचं पाणी नाही. आणि २४(२)(सी) खाली चालू ठेवायला हक्क आधी मागितलेला हवा. तो आम्ही मागितलाच नव्हता.

समोरचे पर्याय

ग्रामसभा रात्री नऊला सुरू झाली आणि एकपर्यंत चालली. बायका शेवटपर्यंत बसून होत्या, हे मुद्दाम नोंदवते.

पहिला पर्याय पोरांचा होता: कुलूप तोडा, गेट उघडा, पाणी आपलं आहे. दुसरा, नागपूर खंडपीठात याचिका. त्यासाठी पैसे गोळा झालेही असते, पण दाणे भरायला पंधरा दिवस उरले होते आणि कोर्टाची तारीख पिकाचं वेळापत्रक बघून पडत नाही. तिसरा, कलम २९ खाली परवाना मागणं. हा प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळापर्यंत जातो. एका गावच्या पाटासाठी तो वाटेत किती टेबलांवर थांबेल, याचा अंदाज सगळ्यांना होता.

चौथा पर्याय वनहक्क कायदा, २००६ चा. त्याच्या कलम ३(१)(बी) मध्ये निस्तारासारखे सामूहिक हक्क येतात, ३(१)(डी) मध्ये जलाशयातली मासळी आणि चराई. अभयारण्यही या कायद्याच्या व्याख्येत वनजमीनच आहे. आणि नियम १३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीच्या पुराव्यांत चराईची रानं, मासेमारीच्या जागा, पाण्याचे स्रोत यांच्याबरोबर 'सिंचन व्यवस्था' असा स्पष्ट शब्द आहे. तो मी सभेत मोठ्यानं वाचून दाखवला. याच जिल्ह्यांच्या शेजारी, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले होते, त्यामुळे हे पुस्तकातलं बोलणं आहे असं कोणाला वाटलं नाही. पण हा पर्याय पुढच्या वर्षांसाठी होता. या ऑक्टोबरच्या धानाला तो पाणी देणार नव्हता.

पाचवा पर्याय एका ढिवर बाईनं मांडला. ती म्हणाली, जंगलवाल्याले उन्हाळ्यात पानी पायजे, आपल्याले आता पायजे, पाट साफ झाला असता तं दोघाईले भेटलं असतं. मग भांडण पाण्याचं नाही, पाटाचं आहे. तो पाट त्यांनीच साफ करावा.

सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्यानंतर बोलण्याचा रोख बदलला. परवाना वन्यजीवांच्या हिताशिवाय मिळत नाही, ही आम्ही अडचण समजत होतो. तिनं तीच वाट करून दाखवली: पाट साफ झाला तर तलाव भरतो, आणि तलाव भरला तर शेंदराच्या दगडाखालचं पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं. हे वन्यजीवांचं हित नाही तर काय आहे? अभयारण्याचं व्यवस्थापन कलम ३३ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांकडेच असतं. त्यांच्याच कामाच्या आराखड्यात पाट घेता येत होता.

ठराव असा झाला: आधी बोलणी, सोबत वनहक्काचा दावा. कुलूप तोडायचं नाही. मी सांगितलं, उपविभागाच्या लेखी उत्तराची वाट बघू, चार दिवस थांबू. ही माझी दुसरी चूक.

जे घडलं

तिसऱ्या रात्री कोणीतरी कुलूप तोडलं. गेट रात्रभर पूर्ण उघडं राहिलं. पाळी नाही, वाटणारा माणूस नाही. नहर अर्ध्यावर फुटली आणि पाणी नाल्याला गेलं. सकाळी मी पाळीवर गेले तेव्हा पाणी दगडाच्या वर दोन वीत उरलं होतं. पाळीजवळच्या बांध्या तुडुंब, आणि शेवटच्या बांध्यांत भेगा तशाच. ज्यांच्यासाठी कुलूप तुटलं त्यांना थेंब मिळाला नाही. तीन पोरांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक त्या रात्री गावातच नव्हता, असं त्याची आई अजून सांगते.

त्या सकाळी जे झालं ते मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. वन अधिकारी आले, उपविभागाचे अभियंता आले, संस्थेचे अध्यक्ष आले, कारण आता प्रत्येकाचंच पाणी गेलं होतं. पाळीवरच बसून तीन तास बोलणं झालं. वरिष्ठ वन अधिकाऱ्यांनी शेंदराचा दगड स्वतः उतरून पाहिला आणि विचारलं, हा कधीपासून आहे? म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. गावाचा रिवाज सरकारी वहीत लिहिला जाताना मी प्रथमच पाहत होते.

ठरलं असं. उरलेलं पाणी दगडापर्यंत सोडायचं, दगडाखाली कोणीही जायचं नाही. सोडताना टेल टू हेड, म्हणजे शेवटच्या बांधीपासून सुरुवात. पाणी वाटायला गावानं दोन माणसं द्यायची, चावी त्यांच्याकडे, सही उपविभागाची. संस्थेनं मासे काढणं पुढे ढकलायचं आणि दगडाखालच्या पाण्यात बोटुकली वाढू द्यायची. पुढच्या उन्हाळ्यात पाटसफाई वनखात्याच्या कामातून, मजुरी गावातल्या माणसांना, यंत्र न लावता. हे सगळं एका साध्या कागदावर लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. कायद्याच्या भाषेत त्या कागदाचं वजन किती, मला आजही सांगता येणार नाही.

दरम्यान वाजिब-उल-अर्ज शोधायला आम्ही जिल्ह्याच्या अभिलेखागारात सहा फेऱ्या मारल्या. सापडला तो कागद जुन्या वळणाच्या अक्षरात, फारसी शब्दांनी भरलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पण पाटाची दुरुस्ती गावानं करायची आणि ठरावीक खुणेखालचं पाणी जनावरांसाठी राखायचं, हे दोन्ही त्यात होतं. प्रत १९३० च्या आधीच्या बंदोबस्ताची, म्हणजे जमिनीचा सारा ठरवण्याच्या कामातली, निघाली. त्या सालाला महत्त्व आहे. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. ते मोजलं की १९३० येतं. कोहळी आणि ढिवर घरांचा प्रश्न त्या वाळवीखाल्ल्या कागदानं सोडवला.

एका अधिकाऱ्यांनी लगेच हरकत घेतली, आणि ती खोटी नव्हती. कलम १६५ ची नोंद शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यापुरती आहे, आणि हा तलाव १९५१ पासून शासनाचा. म्हणजे या कागदानं आज हक्क सिद्ध होत नाही. आमचं उत्तर एवढंच होतं की आम्ही तो मालकीचा कागद म्हणून दाखवत नाही, वापराचा पुरावा म्हणून दाखवतो. वनहक्क नियमांत सरकारी अभिलेख पुराव्यात धरले आहेत. हा फरक नीट मांडायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

निष्पत्ती

त्या वर्षी शेवटच्या बांध्यांपैकी जवळपास निम्म्या वाचल्या. उरलेल्यांचा धान गुरांपुढे टाकला. पाट पुढच्या उन्हाळ्यात साफ झाला, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वर्षी निधी उशिरा आला आणि पाऊस आधी. अर्धाच पाट झाला. तरी तलाव तिन्ही वर्षं दगडाच्या बराच वर होता.

सामूहिक दावा उपविभागीय समितीकडून एकदा परत आला. नकाशात पाट रेषेनं दाखवला होता, क्षेत्र दाखवलं नव्हतं. गावातल्या पोरींनी मोबाइलवर जीपीएस लावून पाट चालत मोजला आणि दावा पुन्हा गेला. आज तो जिल्हास्तरीय समितीपुढे आहे. पोरांच्या तारखा चालू आहेत.

एक गोष्ट आमच्या हिशेबात नव्हती. मेपर्यंत पाणी राहिलं तसं जनावरही राहिलं. आधी उन्हाळ्यात आत सरकणारी रानडुकरं आता बांध्यांच्या कडेला मुक्कामाला असतात आणि धान पोटरीत आला की रात्रीतून एक बांधी लोळवतात. जागल वाढली, झटका मशीनचा खर्च वाढला. नुकसानभरपाईची तक्रार घटनेपासून तीन दिवसांत करावी लागते, आणि पहिल्या वर्षी बहुतेकांनी ती चौथ्या-पाचव्या दिवशी केली. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११(१)(बी) खाली शिकारीची लेखी परवानगी देता येते, पण मागणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. पाण्याचा समेट करताना प्राण्यांचा हा अर्धा भाग आम्ही टेबलावर ठेवलाच नाही. वनखात्याला उन्हाळ्याचं पाणी मिळालं त्याच कागदावर पिकाच्या पंचनाम्याची मुदत आणि माणूस ठरायला हवा होता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी तो फलक. कलम २१ च्या त्या दोन महिन्यांत एका पानाचा दावा गेला असता, तर पाट २४(२)(सी) खाली चालू राहू शकला असता आणि २०२२ च्या दुरुस्तीनं त्याला पुढे आधार मिळाला असता. हे ग्रामपंचायतीवर ढकलणं सोपं आहे. पण उद्घोषणा वैयक्तिक हक्काच्या भाषेत येते. सामूहिक वापर, पाट, वाट, पाणवठा अशा वेगळ्या रकान्यांचा नमुना राज्यानं ठरवून दिला तर गावाला आठवण तरी होईल. त्यासाठी केंद्राचा कायदा बदलावा लागत नाही.

दुसरं, मी थांबा म्हणाले ते. लेखी उत्तराची वाट बघण्याऐवजी त्याच दिवशी सगळ्यांना पाळीवर बोलावलं असतं तर? गेट फुटल्यावर जी माणसं आली, ती आधी आली नसती असं मला खात्रीनं म्हणता येत नाही. शेवटच्या बांध्यांवरच्या माणसांना चार दिवस म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांची बांधी माझी नव्हती.

तिसरं, ढिवर संस्थेला आम्ही पहिल्या पत्रात विरोधी पक्ष म्हणून लिहिलं. पाचवा पर्याय त्यांच्याच घरातून आला. पुढचा मसुदा करताना त्यांचे दोन प्रतिनिधी लिहायला बसले आणि मासेमारीचा हक्क, उथळ पाण्यातली मरळ, मे महिन्यातली सर्वांत कमी पातळी, हे त्यांनीच घातलं.

चौथं, समेटाच्या कागदाला कायद्याचा टेकू नव्हता. तो ग्रामसभेच्या ठरावात घेऊन वनहक्क दाव्याला जोडायला हवा होता. ते आम्ही वर्षभरानं केलं. मधल्या वर्षात वरिष्ठ अधिकारी बदलून गेले असते, तर पाटसफाई बंद पडली असती.

शेजारच्या गावालगतचा एक महसुली तुकडा आता संरक्षित क्षेत्रात घ्यायचं चाललं आहे. उद्घोषणा लागली आहे, दोन महिन्यांतले एकोणीस दिवस गेले. त्यांच्याकडेही मामा तलाव आहे आणि वरून येणारा पाट आहे, आमच्यापेक्षा लांब. त्यांचा वाजिब-उल-अर्ज अजून मिळालेला नाही, पण आमच्या म्हाताऱ्यानं त्यांच्या तीन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले आहेत. रविवारी सकाळी सहाला पाट मोजायचा आहे. मुली मोबाइल चार्ज करून आणणार आहेत, ढिवरांची दोन माणसं येणार आहेत, आणि वनरक्षकाला आम्ही आधीच लेखी कळवलं आहे.